अप्पांच्या नावानं गेलेलं पत्र

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. जिंतूरच्या ज्या शाळेत मी संगणक शिकवते तिथं दुपारचा दुसरा तास चालू होता आणि फळ्यावर माझी अर्धी ओळ लिहून झाली होती. फोनवर माझी नणंद होती, मंदाताई. "वहिनी, अप्पा गेले गं..." एवढं बोलून त्यांचा आवाज फुटला. मी म्हणाले, येते. मग फळ्यावरची ओळ पूर्ण केली, मुलींना सगळी मशीनं नीट बंद करायला लावली, खोलीला कुलूप घातलं, चावी ऑफिसात दिली आणि निघाले. माझे सासरे वारले होते. एका घरात त्यांच्यासोबत मी सव्वीस-सत्तावीस वर्षं काढली होती. आणि घर येईपर्यंत माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की हा माणूस खरं न सांगताच गेला.

मला रडू आलं नाही, बाराव्या-तेराव्यालाही नाही. चौदाव्या दिवशी मारुतीच्या सभामंडपात शोकसभा झाली. अप्पांना गावात सगळे पेशकारसाहेब म्हणत. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा ते तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारा कारकून, म्हणून चिकटले. पुढं जुने हुद्दे गेले, पाट्या बदलल्या, पण पेशकार हे नाव त्यांना आयुष्यभर पुरलं. नव्वदी ओलांडलेला माणूस, त्यामुळे सभेला गर्दी बरी होती. एक निवृत्त मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले, "घरात इंटरनेट घेणारा आपल्या गावातला पहिला माणूस म्हणजे पेशकारसाहेब. आणि त्याच इंटरनेटवरून त्यांनी सासरी छळ सोसणाऱ्या लेकीला लिहिलं, ये! त्या काळात असं लिहायला वाघाचं काळीज लागतं." बायकांच्या बाजूला माझ्या शेजारी मंदाताई बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हुंदका दिला. मी समोरच्या खांबाकडे बघत राहिले. त्या पत्रातला तो शब्द अप्पांचा नव्हता.

मी लग्न होऊन या घरात आले त्याच वर्षी मंदाताईंचं लग्न झालं आणि त्या नवऱ्याबरोबर शारजाला गेल्या. स्थळ अप्पांनीच आणलेलं. जावई आखातात म्हणून त्यांची मान तेव्हा इंचभर वर गेली होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. म्हणजे घरात अप्पा, मी, आणि माझा नवरा मनोहर. मनोहर सेलूला शाळेवर मास्तर होता. सकाळच्या बसनं जायचा, दिवेलागणीला यायचा. दिवसभर मी आणि अप्पा. माझं माहेर परभणीचं, लग्नाआधी मी तिथं संगणकाचा वर्षभराचा कोर्स केला होता. लग्न ठरवताना अप्पांनी ती गोष्ट कौतुकानं चारचौघांत सांगितली होती. लग्नानंतर मात्र एका खाजगी क्लासकडून शिकवायला बोलावणं आलं तर म्हणाले, "पेशकाराची सून पोरांपुढं खडू घेऊन हुबी राहणार? फिजूल बात." विषय संपला. मनोहरकडे बघितलं तर तो चप्पल शोधत होता.

दोन हजार सालच्या आसपास अप्पांच्या मनानं घेतलं, की जावई ईमेल करतो तर सासऱ्याकडेही ईमेल पाहिजे. परभणीहून एक मेकॅनिक एसटीच्या टपावर खोकी लादून आला. बैठकीत, टेलिफोनच्या स्टुलाशेजारी टेबल मांडलं. मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड, आणि तळहाताएवढ्या डबीसारखा मोडेम, त्याच्या तोंडावर लाल दिव्यांची रांग. इंटरनेटचं खातं अप्पांनी आधीच काढून आणलं होतं. त्याचं नाव आणि पासवर्ड एका बंद लिफाफ्यात होते, आणि तो लिफाफा जमिनीचा फेरफार जपावा तसा त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता. मेकॅनिकनं सगळं जोडलं. नंबर लावायला घेतला, की पडद्यावर एकच पाटी यायची, डायल टोन नाही. फोन उचलला तर टोन छान ऐकू यायचा. मोडेमला मात्र तो पटायचा नाही. त्यानं वायर बदलली, मशीन चारदा बंद-चालू केलं, मग घड्याळ पाहिलं आणि "उद्या परवा येतो" म्हणून शेवटची बस गाठायला पळाला. तो पुन्हा आलाच नाही.

अप्पा तीन दिवस त्या मशीनसमोर खुर्ची टाकून बसले. येणारा-जाणारा डोकवायचा, चालू झालं का विचारायचा, आणि त्यांचा पारा चढायचा. चौथ्या दिवशी मीच पुढं झाले. ते गरजले, "काय करायलीस? हात लावू नको त्याला." मी म्हणाले, "तीन दिवस कुणी हात लावला न्हाई म्हणून तर बंद हाय." एवढं उलट मी तोवर कधी बोलले नव्हते. मोडेमच्या सेटिंगमध्ये एक चौकट असते, नंबर फिरवण्याआधी डायल टोनची वाट पाहा, असं सांगणारी. आमच्या एक्सचेंजचा टोन त्या मोडेमला ओळखताच येत नव्हता, म्हणून तो वाटच बघत बसायचा. मी त्या चौकटीतली खूण काढून टाकली आणि नंबर लावला. मोडेमनं कर्कश किंचाळी फोडली, मग खरखर, मग घशात पाणी खळखळवल्यासारखा आवाज... आणि एकदम शांतता. दिवे लुकलुकायला लागले. आम्ही जोडले गेलो होतो. मला इतका आनंद झाला की मी अप्पांकडे बघून हसले. अप्पा म्हणाले, "आवाज केवढा करतंय. चहा ठेव." आणि संध्याकाळी पारावर जाऊन सांगून आले, की मेकॅनिकला जमलं न्हाई ते आपण घरच्या घरी केलं.

दुसऱ्या दिवसापासून कीबोर्ड त्यांच्या लोखंडी कपाटात गेला. वायर काढायची, कीबोर्ड टॉवेलात गुंडाळायचा, कपाटाला कुलूप, किल्ली जानव्याला. कीबोर्ड नसला की ते मशीन सुरूच व्हायचं नाही. कीबोर्ड सापडत नाही, पुढं जायला एफ-वन दाबा, असं ते सांगायचं. आणि दाबायला कीबोर्ड कपाटात! हे अप्पांना मुद्दाम ठाऊक असेल असं नाही, पण माणसाला कुठं अडवायचं हे त्यांना उपजत कळायचं. आठवड्यातून दोनदा, दुपारचं भारनियमन संपून वीज आली की ते कपाट उघडायचे, मला हाक मारायचे आणि पत्राचा मजकूर सांगायचे. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळात, उर्दूतून झालेलं. पुढं मराठी ते चांगलं शिकले. इंग्रजी अक्षरं मात्र एकेक करून ओळखायचे. तेव्हा ईमेलमध्ये मराठी अक्षरं जात नसत, जाऊन पोचली तरी पलीकडे नुसते चौकोन दिसायचे. म्हणून मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहावा लागे, आणि तो जुळवून वाचणं त्यांना जमायचं नाही. पण ते कचेरीतले होते. चष्मा लावून बोटानं ओळी मोजायचे. "सहा वाक्यं सांगितली म्या. ह्या पाचच ओळी दिसायल्यात." मग मी प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घ्यायला लागले. शेवटी सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं, मग पाठवायचं.

आणि त्या पत्रांत काय असायचं? बहुतेक मीच असायचे. "लिही. सूनबाई सकाळी सात वाजता उठतात. लिवलं?" मी म्हणायचे, "अप्पा, साडेपाचला उठते मी." "तुला लिवायला सांगितलंय, बोलायला न्हाई." मी लिहायचे. सूनबाईंना भाकरी थापता येत नाही. सूनबाईंच्या माहेरच्यांना रीतभात नाही. सूनबाईंमुळे मनोहर बापाशी तुटक वागतो. एकदा माझं पोट पडलं, तीन महिन्यांचं. त्यानंतरच्या पत्रात, मी अजून नीट बसू शकत नव्हते तेव्हा, त्यांनी सांगितलं, "लिही. सूनबाईंच्या हातून तेवढंही झालं नाही." मी वर बघितलं. ते खिडकीतून रस्त्याकडे बघत पुढचं वाक्य जुळवत होते. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी तेही लिहिलं. पुढं माझी मुलगी झाली तेव्हाचं वाक्यही लिहिलं, ते इथं सांगत नाही. दोन वर्षं मी त्यांची इमानदार कारकून होते. माझ्याविरुद्धचा एक शब्द मी कधी इकडचा तिकडे केला नाही. त्याचा मला अभिमान होता असं नाही. माझ्या हातात काही आहे, हेच मला तोवर सुचलं नव्हतं.

शारजाहून जावयाच्या खात्यावरून उत्तरं यायची, गुळगुळीत. इकडे सर्व कुशल, गरमी फार, तब्येतीस जपा. खाली मंदाताईंचं नाव. मग एका दुपारी वेगळ्याच पत्त्यावरून पत्र आलं. मंदाताईंनी शेजारच्या केरळी बाईच्या घरी बसून, त्या बाईच्या खात्यावरून लिहिलं होतं. मी नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीवर माझी जीभ अडखळली. अप्पा म्हणाले, "थांबलीस कामून? वाच." मी वाचलं. नवरा लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मारतो. आधी हातानं मारायचा, आता पट्ट्यानं. मागच्या महिन्यात डाव्या कानावर मारलं तेव्हापासून त्या कानानं ऐकू येत नाही. बाहेरून कुलूप लावून कामावर जातो, आज विसरला म्हणून शेजारी येता आलं. शेजारीण तिकीट काढून द्यायला तयार आहे, पण अप्पा, तुम्ही ये म्हणाल्याशिवाय मी यायची नाही. तुम्ही दारातून परत पाठवलंत तर मला जायला जागा नाही. या पत्त्यावर लिहा. पुन्हा कुलूप विसरला की येऊन बघते.

अप्पा पडद्याकडेच बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता, हे मी नाकारत नाही. "पुन्हा वाच," म्हणाले. मी पुन्हा वाचलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, आता हा म्हातारा रडेल. आणि मग ते कचेरीत अर्जावर शेरा मारावा तशा आवाजात म्हणाले, "लिही."

सात वाक्यं होती. मला ती आजही तोंडपाठ आहेत. चिरंजीव मंदास आशीर्वाद, खत मिळालं. नवरा-बायकोत होतच असतं, त्याचा बोभाटा करू नये. तुझ्या आईनंही सोसलं, तिनं कधी माहेरी खत धाडलं नाही. लग्न मी जमवलं आहे, माझा शब्द गेलेला आहे. तू इथं आलीस तर लोक मला विचारतील, त्यांना मी काय सांगू. या घरात तुझं आता काही राहिलेलं नाही. येऊ नकोस.

पहिलं वाक्य त्यांनी सांगितलं तसंच मी टाइप केलं. दुसऱ्याला माझी बोटं थांबली. तिसऱ्याला, सासूबाईंचा उल्लेख आला तेव्हा, मी वर बघितलं. ज्या बाईचा फोटो मी रोज पुसत होते तिच्याबद्दल मला त्या क्षणी कळलं. अप्पा पुढचं सांगत होते आणि मी टाइप करत होते... तुझ्यावर हात उचलणाऱ्याची मी तरफदारी करणार नाही. तुझ्या आईनं सोसलं, ते तू सोसू नकोस. लग्न मी जमवलं, चूक माझी झाली. लोकांना काय सांगायचं ते मी बघतो. पासपोर्ट तेवढा घे, बाकीचं राहू दे. आणि सातवी ओळ, इंग्रजीत लिहायला दोन अक्षरं लागतात तिला. ये.

अप्पा उठून माझ्या खुर्चीमागे आले. बोटानं ओळी मोजल्या. सात. "ही शेवटची लय आखूड दिसायली." मी म्हणाले, "वाक्यच आखूड हाय." "वाच." मी पडद्याकडे बघत, पडद्यावर नसलेलं पत्र वाचलं. नवरा-बायकोत होतच असतं. तुझ्या आईनंही सोसलं. येऊ नकोस. माझा आवाज कापत होता. त्यांना वाटलं असेल, लेकीच्या दुःखानं कापतो आहे. मग मी नंबर लावला. मोडेम किंचाळला, खरखरला, दिवे लागले, आणि पत्र निघणार तेवढ्यात अप्पांनी फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. ही त्यांची खोडच होती, पत्र जातं आहे का ते ऐकून बघायची, आणि त्यानं दरवेळी कनेक्शन तुटायचं. दर वेळी मी सांगायचे, दर वेळी ते विसरायचे. दिवे विझले. "तुटलं का? बरं झालं," ते म्हणाले. "मजमून पुन्हा एकदा वाच. काही राहिलंय का बघू." मला वाटलं, त्यांना समजलं. मी पुन्हा वाचलं, शब्दाला शब्द. ते डोळे मिटून ऐकत होते. एकच शब्द बदला, अप्पा, एकच... असं मी मनात म्हणत होते. ते म्हणाले, "ठीक हाय. धाड." दुसऱ्यांदा लावलं तेव्हा मी माझा हात रिसीव्हरवर ठेवला होता. "गेलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "गेलं." त्यांनी कीबोर्डची वायर काढली, टॉवेलात गुंडाळला आणि कपाटाला कुलूप लावलं.

पुढचे अठरा दिवस मी कसे काढले ते मला माहीत. अप्पांनी पुन्हा कपाट उघडलं नाही. पत्र पोचलं का, वाचलं का, दुसऱ्या कुणाच्या हाती लागलं का, बघायची सोय नव्हती. मनोहरला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो घाबरून अप्पांना बोलून बसला असता. त्याच्याबद्दलही मला आजवर राग आहे, पण तो जिवंत आहे, त्याला तोंडावर सांगता येतो.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी परभणीच्या बसमधून मंदाताई उतरल्या. हातात एकच पिशवी, आणि तिकडचा लांब झगा घालूनच आलेल्या. गल्लीतली चार-पाच बायामाणसं त्यांच्यामागून आमच्या दारापर्यंत चालत आली. अप्पा बैठकीत होते. मंदाताई उंबऱ्यावरच थांबल्या. आत पाऊल टाकलं नाही. म्हणाल्या, "अप्पा, तुमी बोलावलंत म्हणून आले."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. अप्पांनी आधी लेकीकडे बघितलं, मग तिच्यामागे जमलेल्या गल्लीकडे, आणि मग मान वळवून माझ्याकडे. एवढ्या वर्षांत त्यांनी मला इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं. मी नजर खाली घातली नाही. मला वाटलं, आता हे म्हणतील, मी बोलावलं नाही. म्हणाले असते तर मंदाताई तिथूनच वळल्या असत्या. पण माणसं जमली होती. अप्पांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हातपाय धू. जेवायची असशील."

संध्याकाळी मंदाताई झोपल्यावर ते स्वयंपाकघरात आले. तिथं ते कधी पाऊल ठेवत नसत. "माझ्या नावावर जालसाजी केलीस तू," म्हणाले. "कचेरीत असं करणाऱ्याला बेड्या पडतात." मी पोळी तव्यावर टाकली. म्हणाले, "व्हय, केली. माझ्या नावानं लिवलं असतं तर त्या आल्या नसत्या." ते दाराकडे वळले. "आजपासून तुझं-माझं बोलणं बंद," म्हणाले आणि गेले. माझ्याशी बोललेलं त्यांचं हे शेवटचं वाक्य. पुढं बावीस वर्षं ते जगले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली नव्हती. बोलणंच बंद केल्यामुळे त्यांना मला नाही म्हणता येईना. मी पंधरा दिवसांत त्या खाजगी क्लासवर शिकवायला जायला लागले, पुढं शाळेत लागले. ते फक्त बघत राहायचे. मंदाताई पाच वर्षं आमच्याकडे राहिल्या. काडीमोड झाला, कान गेला तो गेलाच. मग त्या मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीला लागल्या आणि दोन गल्ल्यांपलीकडे स्वतःच्या घरात राहायला गेल्या. ते पत्र त्यांना पाठ होतं. कुणी विचारलं की म्हणून दाखवायच्या. अप्पा ऐकायचे. पहिलं वर्षभर ते अशा वेळी उठून जात. मग बसून राहायला लागले. मग मान डोलवायला लागले. आणि मग एक दिवस मी पाहुण्यांना चहा घेऊन गेले, तर अप्पा सांगत होते, "म्या सरळ लिवलं. लग्न मी जमवलं, चूक माझी झाली. लोकांना काय सांगायचं ते मी बघतो. बापानं असं लिवायला पायजे." माझी वाक्यं! शब्दाला शब्द. ट्रे माझ्या हातात होता, तो त्यांच्या डोक्यावर आदळावा असं मला वाटलं. त्यांनी कप घेतला, माझ्याकडे न बघता. पाहुणे म्हणाले, मोठं काळीज साहेब तुमचं. मंदाताई अभिमानानं बापाकडे बघत होत्या. त्या नजरेसाठी मी गप्प बसले, त्या दिवशी आणि त्यानंतर प्रत्येक वेळी. लोक म्हणतात, म्हातारपणी माणूस निवळतो. अप्पा निवळले नाहीत. ते माझ्या वाक्यांत राहायला गेले आणि तिथं मजेत राहिले.

शेवटच्या चार-पाच वर्षांत त्यांची नजर गेली. मुलगी शिकायला बाहेरगावी आणि मनोहर दिवेलागणीपर्यंत सेलूला, त्यामुळे मी शाळेतून आले की पेपर वाचून दाखवायला माझ्याशिवाय कुणी नसे. मग ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून म्हणायचे, "पेपरात काय आलंय कोण जाणे." मी पलीकडच्या खुर्चीवर बसून, जणू स्वतःसाठीच, मोठ्यानं वाचायचे. प्रत्येक बातमी संपली की ते कॅलेंडरला विचारायचे, "असंच छापलंय का?" बावीस वर्षांत त्यांनी मला घेतलेला एवढाच काय तो चिमटा, आणि तो रोज होता. चहाचंही तसंच. चार वाजले की, "चहा झाला असला तर बरं होईल." नाव नाही, हाक नाही. मीही मग तशीच बोलायला शिकले. "चहा ठेवलाय. गरम हाय." आम्ही दोघं कॅलेंडरशी बोलत एका घरात राहिलो.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी मंदाताईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. सत्याची चाड होती म्हणून सांगितलं, असं म्हणायची माझी तयारी नाही. मला राग आला होता. आयुष्यभराचा राग, आणि ज्याच्यावर होता तो निघून गेला होता. मंदाताईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "मग अप्पांनी काय सांगितलं होतं?" मी म्हणाले, राहू द्या. "न्हाई, सांग. सातही सांग." मी एकेक सांगत गेले. आईच्या वाक्याला त्यांनी डोळे मिटले. "आन् सातवं?" मी सांगितलं. त्या उठल्या, दाराशी गेल्या, आणि पाठ फिरवूनच म्हणाल्या, "त्या पत्रावर मी जगले, वहिनी. नवरा गेला, कान गेला, पण बाप हाय असं मला वाटायचं. आज तू तो पण नेलास." मी म्हणाले, "ताई, तो नव्हताच." "मला होता," त्या म्हणाल्या. "जा तू आता."

त्यानंतर त्या आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. अप्पांच्या आजारपणात रोज चार वाजता यायच्या, ती वाटच थांबली. फोन उचलेनात. मी बरोबर केलं की नाही ते मला आजही सांगता येत नाही. पत्र लिहिलं ते बरोबर, याबद्दल मला कधी शंका आली नाही. सांगितलं ते बरोबर होतं का... हे लिहिताना अजून ठरत नाही. इथपर्यंतचा मजकूर मी त्यांना वसतिगृहावर पाठवला होता. चार दिवसांनी मनोहरच्या हाती कागद परत आले. त्यावर फक्त एवढंच होतं, छापायचं तर छाप, माझं नाव बदल. ते मी बदललं आहे.

आणि परवा त्या आल्या. चार वाजायला आले होते. मी आत ओट्यापाशी होते. बैठकीत चप्पल काढल्याचा, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बघितलं तर मंदाताई अप्पांच्या खुर्चीत बसलेल्या, पिशवी मांडीवर. माझ्याकडे बघायला तयार नाहीत. मी परत आत आले. बराच वेळ दोन्ही खोल्यांत नुसता पंखा वाजत होता. मग बैठकीतून आवाज आला. कॅलेंडरकडे तोंड करून, कुणाचं नाव न घेता, अगदी त्याच चालीत मंदाताई म्हणाल्या,

"चहा झाला असला तर बरं होईल."

मी गॅस पेटवला.